शिर्के जमादारांचे रान

वैशाख शुद्ध सप्तमी, रविवार, सकाळी दहाचा सुमार. जागा: बडोदे कॅम्पातला, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाचा बंगला. रक्कम: एक्केचाळीस रुपये, कलदार. हजर: लिलाव पुकारणारे पारशी गृहस्थ, खुर्च्या-टेबले घ्यायला आलेले वीस-पंचवीस लोक, हैबतराव शिर्के जमादार आणि मी.

जमादार दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहत. संस्थानच्या पागेतून निवृत्त झालेले, पेन्शन दरमहा एकोणीस रुपये. त्या दिवशी ते लोखंडी खाट घ्यायला आले होते. सगुणावहिनींची पाठ दुखत असे आणि वैद्याने त्यांना जमिनीवर निजायला मनाई केली होती. मी हिशेबखात्यातला माणूस, म्हणून मला बरोबर घेतले होते. "लेले, मी भलताच चढायला लागलो तर माझा कोट ओढा," असे त्यांनी स्वतःच बजावले होते.

खाट साडेसहा रुपयांना पुकारली. मी वळून पाहिले तर जमादारांचे खाटेकडे लक्षच नव्हते. व्हरांड्याच्या भिंतीला टेकवून एक तेलरंगाचे चित्र ठेवले होते. माणूसभर रुंद, चौकट सोनेरी पण कोपऱ्यांत उडालेली. चित्रात रान होते. दुसरे काही नव्हते. देव नाही, राजा नाही, बाई नाही, गायसुद्धा नाही.

खाट कुणीतरी नेली. चित्र पाच रुपयांपासून निघाले. एक व्यापारी नुसत्या चौकटीसाठी बोली देत होता. जमादार त्याच्यावर एकेक रुपया चढवू लागले. मी कोट ओढला. पुन्हा ओढला. पुढच्या वेळी ओढला तेव्हा पाठीची शिवण उसवली आणि त्यांना कळलेही नाही. "एक वार, बे वार..." पारशीबाबांनी हातोडी आपटली. दोन महिन्यांच्या पेन्शनीहून तीन रुपये जास्त!

"जमादारसाहेब, कशाचं चित्र आहे हे?"

"रान आहे."

"पण रानात आहे काय?"

"लेले, रानात रान असतं," ते म्हणाले, आणि उसवल्या कोटाने हातगाडी शोधायला गेले.

घरापर्यंत चित्रावर छत्री धरून ते हातगाडीबरोबर चालत आले. वैशाखातल्या उन्हात छत्री चित्रावर, आपण उघड्यावर. वहिनी दारात गादी झटकून तयार होत्या. त्यांनी हातगाडीकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"लेले भावोजी, खाट कुठाय?"

मी कोटाची उसवलेली शिवण दाखवली. दुसरे काय दाखवणार?

आता जमादार नाहीत. त्यांच्याविषयी बोलताना लोक त्यांच्या मिशांविषयी बोलतात, त्यांच्या खणखणीत आवाजाविषयी बोलतात. मला मात्र आठवते ते त्यांचे चित्र बघणे. इतक्या जोमाने काही बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

चित्र भिंतीला लागले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी शेजारून धडाधड आवाज येऊ लागले. जाऊन बघतो तो जमादार पहार घेऊन डाव्या हाताची भिंत फोडत होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, मिशा चुन्याने पांढऱ्या.

"खिडकी पाडतोय," ते म्हणाले. "चित्रात ऊन डावीकडनं येतंय आणि खोलीत उजेड उजवीकडनं. झाडांना गोंधळ होतो."

घर भाड्याचे होते. घरमालक शेठ धावत आला आणि उंबऱ्यातच थिजला. "अरे जमादार, आ शुं कर्युं? मारी भींत!" जमादारांनी त्याला शांतपणे खुर्चीवर बसवले आणि नव्या भोकातून पडणारा उजेड चित्रावर कसा जातो ते दाखवले. शेठ घटकाभर बघत बसला. जाताना म्हणाला, "बारीला गज लावा. चोर येईल." भाडे त्याने वाढवले नाही. माझा कानांवर विश्वास बसेना.

चित्र बघण्याची त्यांची एक रीत होती आणि आलेल्या प्रत्येकाला ती पाळावी लागे. वर बघायचे नाही. आधी खाली बघायचे. "पाय कुठं ठेवाल ते ठरवा," ते म्हणत. चित्राच्या खालच्या कडेपासून एक ओली गाडीवाट आत जात होती. चाकोऱ्यांत पाणी साचलेले, पाण्यात आभाळाचा तुकडा. कडेला कुजलेल्या पानांचा थर, त्यावर कुठे पिवळे, कुठे तांबूस. पुढे एक तोडलेला ओंडका आडवा पडलेला, कापलेला भाग अजून फिकट. त्यापलीकडे जाड बुंध्यांची झाडे, बुंध्यांवर एका अंगाला शेवाळ. आणि त्यांच्या मागे नुसता काळोख वाटावा असे दाट रान. झाडे आपल्याकडची नव्हती. साग नाही, बांबू नाही. जमादार म्हणत, "झाड परकं आहे, पण सावली ओळखीची आहे." सोनगडकडच्या रानात त्यांनी ऐन जवानीतली सहा वर्षे नाक्यावर काढली होती.

बघून झाले की ते विचारत, "कुठवर गेलात?"

पहिल्या खेपेला मी म्हणालो, "झाडं तेवीस आहेत."

"मोजलीत?"

"दोनदा."

"आता ती विसरा आणि परत या."

मी रविवारी जाऊ लागलो. पावसाळाभर मी ओंडक्यापाशीच अडकून होतो. एकदा बसल्या बसल्या मला त्या ओंडक्याचा वास आला. ओल्या, नुकत्या कापलेल्या लाकडाचा. मी दचकून उठलो. चित्राला वास? माझ्यासारख्या माणसाला? जमादार मिशीत हसले. "मग ओलांडा की आता. एवढा काही उंच नाही."

ते स्वतः रोज संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत तासभर बसत. त्या वेळी करकरणाऱ्या वहाणा घालून कुणी आलेले त्यांना खपत नसे. उठले की चेहऱ्यावर लांबून चालून आलेल्या माणसाचा घाम आणि समाधान असे. कितीदा तरी मी त्यांना उठताना धोतराचा सोगा झटकताना पाहिले आहे, जणू पाने चिकटली आहेत.

सगुणावहिनी त्या खोलीत केर काढण्यापुरत्या जात. "त्यात बघायचं काय? माणूस ना काणूस," असे त्या म्हणत. पण एकदा त्यांनी माझ्या पत्नीपाशी मन मोकळे केले. "साठीला आले. या वयात रोज उठून ओसाड रानात जाऊन बसायचं हे काही बरं लक्षण आहे का? एखाद्या दिवशी तिकडंच राहिले तर? निदान सोबत तरी नको का कुणाची?"

ही सोबत त्यांनी घडवून आणली.

पुढच्या आषाढात जमादारांची साठीशांत ठरली. आधी कुलदैवताला म्हणून ते जेजुरीला गेले. तेवढ्यात वहिनी आणि मुलगा यशवंत यांनी छगन चिताऱ्याला बोलावले. छगन देवळांच्या भिंती रंगवी आणि लग्नसराईत दारांवर हत्ती-मोर काढी. हाताने चांगला होता. त्याला चित्र दाखवून वहिनींनी एवढेच सांगितले, "यात वस्ती कर."

शांतीच्या दिवशी होमहवन आटोपले. खोलीत तीसेक माणसे दाटीवाटीने उभी. चित्रावर रेशमी उपरणे टाकलेले. यशवंत म्हणाला, "आबा, ही आमची भेट," आणि त्याने उपरणे ओढले.

वाटेच्या बरोबर मधोमध प्रभू रामचंद्र उभे होते. निळे, मुकुटधारी, खांद्याला धनुष्य, डोळे कानापर्यंत. शेजारी हिरव्या लुगड्यातली सीतामाई, मागे लक्ष्मण. सीतामाईचे बोट ओंडक्याकडे, आणि ओंडक्यावर पुढचे दोन पाय ठेवून सोनेरी पुडीने चमकणारे हरीण. तिघांची उंची झाडांच्या निम्म्याला आलेली. सावली एकालाही नव्हती.

"वा!" सगळी खोली एकदम म्हणाली. बायकांनी हात जोडले. एकीने पुढे होऊन हळदकुंकू वाहिले, दुसरीने निरांजन ओवाळले. मी मात्र सुन्न झालो होतो. मला जमादारांकडे बघवेना.

जमादारांनी हात जोडले. खाली वाकून नमस्कार केला. सगळे खूश झाले. मग ते मागच्या अंगणात गेले आणि विहिरीतून पाणी शेंदू लागले. हौद भरलेला होता. पाणी काठावरून वाहत होते. तरी ते शेंदत राहिले. पंगत मांडली तेव्हा यशवंताने जाऊन त्यांच्या हातातला दोर काढून घेतला.

छगन जेवायला होताच. विडा खाताना तो मला मोठ्या अभिमानाने म्हणाला, "भाऊ, एक ध्यान राखजो. गुंदरनो रंग छे. पाणी ना अडाडशो, नहीं तो भगवान धोवाई जशे."

डिंकातला रंग! खाली तेलरंग, त्यावर वार्निश, आणि हा सगळ्यात वर. म्हणजे एक ओले फडके फिरवले की सगळे पूर्वीसारखे होणार होते. ही गोष्ट मी त्याच संध्याकाळी जमादारांच्या कानावर घातली. मला वाटले त्यांचा जीव भांड्यात पडेल.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "हात लावून बघितलं मी. बोटाला निळं लागलं."

"मग?"

"मग काय? रामाला फडक्यानं पुसू? उद्या कुणी म्हटलं तुळशीवृंदावनावर पाय देऊन पलीकडं जा, तर जाल?"

तेच पुढे म्हणाले, "लेले, आता आत जाताच येत नाही. वाट केवढी, हातभर. तिच्यात सीतामाई उभी. तिला धक्का देऊन पुढं कसं जायचं?"

ते हे थट्टेने बोलत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. पागेत पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाच्या डोळ्यांत!

त्या दिवसापासून त्यांनी खोलीत बसणे सोडले. खुर्ची मागच्या ओसरीवर नेली. तिथे समोर शेजाऱ्याच्या न्हाणीघराची भिंत. संध्याकाळी तिच्याकडे तोंड करून बसत. जेवण कमी झाले. मिशांना पीळ देणे थांबले, त्या खाली आल्या. वहिनींना त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. यशवंताला तर "छान केलंस" म्हणाले.

खोलीत आता वहिनी बसू लागल्या. सकाळी फुले, संध्याकाळी दिवा. लग्न होऊन चाळीस वर्षे होत आली, पण नवऱ्याच्या आवडीची वस्तू त्या पहिल्यांदाच नीट बघत होत्या.

भाद्रपद सरत आला असता एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतले. त्यांचे गुरुजी आधीच येऊन बसले होते. वहिनींचा चेहरा ओढलेला दिसत होता.

"भावोजी, तुम्ही हिशेबातले. आणि गुरुजी, तुम्ही पोथीतले. मला दोघं मिळून सांगा, चित्रात हे वनवासाचं कितवं वर्ष आहे?"

गुरुजी चमकले. मीही चमकलो.

"सोन्याचं हरीण आलंय," गुरुजी म्हणाले. "म्हणजे पंचवटी. तेरा वर्षं उलटलेली. चौदावं चालू."

"म्हणजे वर्षाच्या आत सगळं आटोपणार," मी म्हणालो.

"तुम्ही आटोपा!" वहिनी उसळल्या. "मधे काय काय होतं ते विसरलात? मला रोज दिसतं ते. ती बोट दाखवते. तिला वाटतं हरीण. मी इथं बसून बघते, मला ठाऊक असतं पुढं काय ते, आणि तिला सांगता येत नाही. दोन महिने झाले, मला झोप नाही."

"अहो वहिनी, चित्र आहे ते," गुरुजी म्हणाले. "आणि रावण कुठं काढलाय त्यात?"

"तो काय काढायला लागतो? तो आहे." त्या उठल्या आणि चित्राजवळ गेल्या. त्यांचे बोट राम-सीतेवरून, ओंडक्यावरून, जाड बुंध्यांच्या मधून थेट मागच्या काळोखाकडे गेले. "इथं. त्या वाकड्या झाडाच्या मागं. हालचाल कळत नाही, पण तो उभा आहे."

मी बघितले. झाड होते. वर्षभर मी ते चित्र बघत होतो. त्या काळोखात एक वाकडे झाड आहे हे मला माहीत नव्हते. माझी तेवीस झाडे त्याच्या अलीकडेच संपली होती.

दारात कुणीतरी खाकरले. जमादार उभे होते. कधी आले कुणास ठाऊक. साठीनंतर त्यांनी या खोलीत पाऊल टाकले नव्हते. ते सावकाश आत आले आणि बायकोच्या शेजारी उभे राहिले.

"कुठं दिसतो म्हणालीस?"

"त्या वाकड्या झाडामागं."

"ते झाड तुला दिसलं?"

"न दिसायला काय झालं? डोळे आहेत मला."

जमादार तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याच्यामागं कुणी नाही. पाणी आहे. छोटं डबकं. काठाला गवत आहे. मी गेलोय तिथवर."

"कुणी आहे की नाही ते मला नका सांगू. तुम्ही गेलात तेव्हा नसेल. आता हरीण आलंय." त्या गुरुजींकडे वळल्या. "मला ही पोर तिथं ठेवायची नाही. घरी पोचवायची आहे तिघांना. रीत काय ते सांगा."

गुरुजींनी डोके खाजवले. असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "मातीच्या गणपतीला उत्तरपूजा करून निरोप देतो आपण. मूर्तीतलं देवपण परत गेलं की उरते ती माती. इथंही तसंच करू. अक्षता टाकून निरोप दिला की राहील तो नुसता रंग." मग थोडे थांबून म्हणाले, "दसऱ्याला करू. त्या दिवशी रावण पडतो. वाट मोकळी होते."

जमादार बोटांवर दसऱ्यापर्यंतचे दिवस मोजू लागले.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही चौघेच होतो: गुरुजी, जमादार, वहिनी आणि मी. यशवंत आला नाही. त्याला वाईट वाटले होते. पूजा झाली, दहीभाताचा नैवेद्य झाला, अक्षता पडल्या. गुरुजी म्हणाले, "आता हरकत नाही." पुसायला मात्र कुणाचा हात पुढे होईना. फडकी ताटात तशीच. गुरुजी जमादारांकडे बघतात, जमादार माझ्याकडे. मी खिडकीच्या गजांकडे.

वहिनींनी पदर खोचला. पांढऱ्या धुवट लुगड्याचा तुकडा पाण्यातून पिळून काढला.

"आधी रामराय," गुरुजी घाईने म्हणाले. "मान त्यांचा."

"मान राहू दे. आधी माझी पोर बाहेर काढते," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी सीतामाईच्या पायांपासून वर असे हलके फडके फिरवले, जसे तापातल्या लेकराचे अंग पुसतात. हिरवा रंग फडक्यात आला आणि मागून ओली वाट उघडी पडली. पाणी साचलेली चाकोरी. आभाळाचा तुकडा. मी आ वासून बघत होतो. बाईचा हात एकदाही थांबला नाही. मग राम, मग लक्ष्मण, प्रत्येकाला वेगळे फडके. शेवटी हरीण. ते मात्र त्यांनी खसाखसा घासले.

जमादार मला हळूच म्हणाले, "लेले, हिला आधीच का नाही बसवली मी इथं?"

चारही फडकी चांदीच्या ताटात घडी करून ठेवली. विश्वामित्री नदीवर नेऊन सोडायची होती. नाक्यावर इस्माईलभाईची घोडागाडी मिळाली. चढण्याआधी वहिनींनी त्याला बजावले, "भाई, सवाऱ्या सात धरा. चार आम्ही, तीन ताटातले."

इस्माईलभाईने ताटाकडे पाहिले. "अने आ चोथुं?"

"ते हरीण."

पुलाखाली पाणी बऱ्यापैकी होते. तीन फडकी एकापाठोपाठ सोडली. हरणाचे फडके वहिनींनी आम्हाला पुलाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन सोडायला लावले. तिघांबरोबर ते त्यांना नको होते.

परत आलो तेव्हा ऊन डाव्या खिडकीत आले होते. गाडी थांबते न थांबते तोच जमादार उतरून आत गेले, भाड्याचे त्यांच्या लक्षातही राहिले नाही. वहिनी त्यांच्या मागोमाग. मी गाडीपाशी उभा राहून गजांतून आत बघितले. जमादारांनी ओसरीवरची खुर्ची आणून चित्रासमोर ठेवली होती. पण ते बसले नाहीत. खुर्चीत त्यांनी वहिनींना बसवले आणि आपण शेजारी जमिनीवर मांडी घातली. वहिनींचे पाय खुर्चीवरून खाली टेकत नव्हते. त्या काहीतरी बोट दाखवून विचारत होत्या आणि ते वाकून, मान तिरकी करून त्यांच्या नजरेच्या रेषेत बघत होते.

इस्माईलभाईने हात पुढे केला. माणशी दोन आणे दर होता. जाताना सात सवाऱ्यांचे चौदा आणे आणि येताना चार सवाऱ्यांचे आठ, एकूण एक रुपया सहा आणे, मी त्याला दिले. हरणाचे त्याने घेतले नाहीत.